आमचा संघ उन्हाळ्यात हरत नाही

फेब्रुवारी सरता सरता आमच्या भागात दोन गोष्टी मागेपुढे थंड पडतात. साखर कारखान्यांची धुराडी आणि महाराष्ट्राचा रणजी संघ. कारखान्याचा पट्टा पडला की शेतकरी बिलाची वाट बघत गप्प बसतो. रणजीचा पट्टा बहुतेक वेळा त्याच्या आधीच पडलेला असतो, आणि तो पडला की दौंडहून दाजींचा फोन येतो.

"पाव्हणं, औंदाचं सोडा. पुढच्या साली बघा."

आवाजात दुःखाचा मागमूस नसतो. उलट दहावीचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या पोराचा मोकळेपणा असतो. ताई म्हणते, ह्यांना रक्तदाबाची गोळी ऑक्टोबर ते फेब्रुवारीच लागते. डॉक्टर म्हणतात थंडीमुळं होत असेल. थंडीचा काही संबंध नाही, हे फक्त ताईला आणि मला ठाऊक आहे.

आमचा संघ महाराष्ट्र, असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे मुंबई ना?" नाही. रणजीत आपल्या एका राज्याचे तीन संघ खेळतात. मुंबई, विदर्भ, आणि या दोघांना वाटून उरलेला महाराष्ट्र. मुंबईनं करंडक ४२ वेळा नेला. विदर्भाशी सामना पडला की पूर्वी आम्ही गुण आधीच धरून ठेवायचो. त्या विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि आता २०२४-२५ असा तीनदा नेला. सबंध राज्याचं नाव लावून खेळणाऱ्या आमच्या संघानं तो शेवटचा उचलला १९४०-४१ साली. त्याच्या आदल्या वर्षीही उचलला होता. म्हणजे एकेकाळी आम्हाला सवय होती.

त्या दोन्ही वेळी कर्णधार होते प्राध्यापक दि. ब. देवधर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे. पन्नाशीला आलेल्या या गृहस्थांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा कुटल्या. ही गोष्ट दाजी दर उन्हाळ्यात सांगतात आणि तिचं तात्पर्यही दर उन्हाळ्यात तेच काढतात. "संघाला कोच-बिच काय नको. एक संस्कृतचा मास्तर द्या." देवधर १०१ वर्षं जगले, १९९३ साली गेले. शेवटची ५२ वर्षं त्यांनी पुढच्या करंडकाची वाट बघण्यात काढली, असं मी म्हणत नाही, दाजी म्हणतात. त्यांच्या हिशेबात ते दीर्घायुष्याचं रहस्य आहे, आणि ते स्वतःही त्याच पथ्यावर आहेत.

मधल्या काळात आम्ही अगदीच झोपलो होतो असं नाही. १९७०-७१ ला फायनल गाठली. समोर मुंबई. त्यांचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई वेस्ट इंडीजला गेलेले. घरी उरलेल्या मुंबईनं आम्हाला ४८ धावांनी हरवलं. मग १९९२-९३ ला फायनल, पंजाबकडून हरलो. मग २०१३-१४. त्या वर्षी केदार जाधवनं १,२२३ धावा काढल्या, आम्ही मुंबईला वानखेडेवर जाऊन हरवलं, दाजींनी आळीत पेढे वाटले. फायनलला हैदराबादेत कर्नाटकानं ७ गडी राखून हरवलं तेव्हा ज्यांनी पेढे खाल्ले होते त्यांनी एकेक करून येऊन विचारपूस केली. पेढे वाटण्यातला हा धोका दाजींच्या तेव्हाच लक्षात आला. तेव्हापासून ते पेढे आणतात ते बिगरहंगामात. संघ जाहीर झाला की पाव किलो.

फायनलांची ही वर्षं ओळीनं मांडून त्यांनी मला एकदा गणित घातलं. "एकवीस-बावीस वर्षांनी एकदा येतीय. म्हंजे पुढची कधी?"

"२०३५."

"बरोबर. पण औंदा लवकर येणार. पाऊस बघा की, मे महिन्यातच आला."

यावर काय बोलणार? पाऊस खरंच आला होता.

*

शिरूरला माझी अवस्था याहून बिकट आहे. दौंडला निदान दाजी तरी आहेत. शिरूरच्या एसटी स्टँडासमोर चहा पिताना रणजीचं नाव काढलं की लोक आधी माझ्याकडं आणि मग माझ्या चहाकडं बघतात. तिथं दोनच खेळ चालतात, आयपीएल आणि बैलगाडा. मी एकदा धीर करून म्हणालो, यंदा महाराष्ट्राची गोलंदाजी बरी वाटते. बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "महाराष्ट्राची रणजी अजून चालू हाय व्हय? मला वाटलं बंद पडली."

दुसरा सरळ माणूस होता. त्यानं समजूत घातली. "सर, वाईट वाटून घेऊ नका. आमचा बी गाडा कधी घाटाचा राजा झाला नाय. पण बैल असा खातोय ना, बघत राहावं."

बैलगाड्यावाल्यांपुढं मी नेहमीच हात टेकतो. आशा धरून बसण्यात आख्ख्या क्रीडाविश्वात त्यांचा हात धरणारा नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या मे महिन्यात शर्यतींवर बंदी आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली. सात वर्षांचा बिगरहंगाम! त्या सात वर्षांत या पठ्ठ्यांनी बैलांना खुराक घातला, अंघोळी घातल्या, शिंगं रंगवली, आणि चहाच्या बाकड्यावर रोज सांगितलं की घाट उघडू द्या, मग दाखवतो. मुद्दा असा की त्या सात वर्षांत शिरूर तालुक्यातला एकही बैल हरला नाही. ज्याचा बैल बारीला कधी पुढं आला नव्हता त्याच्याही बैलाची किंमत बोलण्यात वाढत गेली. घाट उघडल्यावर अर्थातच पहिल्याच आठवड्यात बरेच बैल पुन्हा पूर्वीसारखे हरले. पण त्याला आता काय करता? घाट उघडला की हे होणारच.

*

आमच्या संघाबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. एकेकटा माणूस घेतला तर आम्हाला तोड नाही. १९४८ साली पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ काढल्या. ब्रॅडमनच्या विश्वविक्रमाला फक्त ९ धावा कमी. आणि काठियावाडचे कर्णधार सामना अर्धा सोडून निघून गेले. जगात कुठल्याही फलंदाजाला गोलंदाज बाद करतो किंवा पंच करतो. आमच्या माणसाला प्रतिस्पर्धी घरी गेल्यामुळं थांबावं लागलं.

मग २०१६ सालचा तो दिल्लीविरुद्धचा सामना. स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, दोघांची न तुटलेली भागी ५९४ धावांची. दाजी दोन दिवस जेवताना मोबाइल ताटाला टेकवून बसले होते. आमटी त्याच्यात गेली तेव्हा ताई उठली आणि म्हणाली, "आता तरी जिंकले का?"

"अजून दिल्ली खेळायचीय."

दिल्लीकडून ऋषभ पंत नावाचं एक पोरगं आलं, त्यानं ३०८ काढल्या, आणि सामना अनिर्णित. ५९४ ची भागी करून अनिर्णित! दुसऱ्या कुठल्या संघाला हे जमलं असतं, मला सांगा. २०२२ ला विजय हजारे करंडकात ऋतुराज गायकवाडनं एका षटकात सात षटकार मारले. सहा चेंडूंच्या षटकात सात. त्या स्पर्धेची फायनल सौराष्ट्रानं जिंकली. फायनललाही ऋतुराजचं शतक होतंच. हजारे स्वतः सांगलीचे, आमच्याकडूनच सुरुवात केलेले, आणि नंतर बडोद्याला जाऊन मोठे झालेले. बाहेर पडलं की माणसाचं भलं होतं ही महाराष्ट्राच्या क्रिकेटची जुनी परंपरा आहे. हृषीकेश कानिटकर आमच्याकडं वर्षानुवर्षं खेळले. मग बाहेर पडले, राजस्थानचे कर्णधार झाले, आणि ज्या राजस्थाननं रणजी कधी जिंकली नव्हती त्याला २०१०-११ आणि २०११-१२ अशी लागोपाठ जिंकून दिली. हे दाजींना सांगू नये. त्या वर्षापासून त्यांनी राजस्थानी मिठाईवाल्याकडचे पेढे बंद केले.

*

गहुंज्याच्या स्टेडियमवर रणजीचा सामना असला की आम्ही जातो. दौंडहून पहाटेची गाडी, पुण्याला उतरून पुढं लोकल, मग रिक्षा. प्रवेश फुकट. स्टेडियम ३७,००० माणसांचं आणि आत आम्ही दोघं, चारपाच पोलीस, मैदानावर पाणी मारणारे काही लोक आणि एक कुत्रं. फाटकावर सुरक्षारक्षकानं विचारलं, "कुणाचे नातेवाईक?"

रणजी बघायला नातेवाईकच येतात, हा त्याचा अनुभव. दाजी म्हणाले, "सगळ्यांचे." त्यानं सोडलं.

रिकाम्या स्टेडियममध्ये एक अडचण असते. तिची कल्पना टीव्हीवर क्रिकेट बघणाऱ्याला येणार नाही. आमच्या फलंदाजानं षटकार मारला आणि चेंडू आमच्या डोक्यावरून तिसाव्या रांगेत जाऊन पडला. आता तो आणणार कोण? सीमारेषेवरचा पोरगा वर बघून म्हणाला, "काका, बॉल देता का?"

साठीचे दाजी खुर्च्यांमधून वाट काढत निघाले. खुर्च्या दुमडणाऱ्या. एक मिटली की दुसरी उघडते. चेंडू एका खुर्चीखालून दुसरीखाली पळतोय, दाजी वाकून पाठीमागं, एक चप्पल अठराव्या रांगेत राहिलेली. मैदानावर दोन पंच, दोन फलंदाज आणि अकरा क्षेत्ररक्षक असे पंधरा लोक हात कमरेवर ठेवून वर बघताहेत. आयुष्यात पहिल्यांदा रणजीचा सामना दाजींसाठी थांबला होता. चेंडू सापडल्यावर त्यांनी तो लगेच फेकला असता तर ते दाजी कसले! ते पायऱ्या उतरून कठड्यापाशी आले, चेंडूची शिवण न्याहाळली, धोतराला एका बाजूनं घासला आणि त्या पोराला म्हणाले, "ह्याला आता बाहेर स्विंग कर म्हणावं."

पोरगा म्हणाला, "काका, मी समोरच्या टीमचा आहे."

दाजींनी चेंडू परत दुसऱ्या बाजूनं घासून दिला.

*

दौंडच्या स्टेशनाबाहेर संध्याकाळी एक बैठक भरते. तिचे अध्यक्ष एक निवृत्त गार्डसाहेब. आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण साहेब झेंडीच्या काळातले. दाजींचा आशावाद भावनेवर चालतो, गार्डसाहेबांचा रेल्वेच्या नियमांवर. त्यांचा सिद्धांत ऐकण्यासारखा आहे.

दौंड जंक्शनची जुनी गंमत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून मनमाडकडं जाणारी गाडी दौंडला आली की तिचं इंजिन सुटायचं, गाडीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी आल्या वाटेनंच निघाल्यासारखी उलटी निघायची. नवखा प्रवासी घाबरून ओरडायचा, "अहो, गाडी परत पुण्याला चालली!" मुरलेला प्रवासी पाय पसरून सांगायचा, "चालली नाही हो. इंजिन बदललंय."

गार्डसाहेब म्हणतात, "आपल्या संघाचं तेच चाललंय. दर वर्षाला इंजिन बदलतात. कॅप्टन बदलला, कोच बदलला, सिलेक्टर बदलले. बाहेरच्याला वाटतंय मागं चालली. मी सांगतो, योग्य दिशेला चाललीय."

"मग पोचत का नाही साहेब?" मी.

"सिग्नल नाही."

त्यांच्या मते अडचण एकच आहे, आणि ती नवीन आहे. दौंडला आता कॉर्ड लाइन झाली. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या गाड्या दौंडच्या फलाटाला न शिवता गावाबाहेरनं परस्पर वळतात. इंजिन बदलायचं काम उरलं नाही, वेळ वाचला. गार्डसाहेब चहाचा शेवटचा घोट घेऊन म्हणाले, "करंडक बी त्याच लाइननं जातोय. पुण्याला टेकल्यासारखा करतो आणि बाहेरच्या बाहेर नागपूर."

त्या संध्याकाळी दाजी एक शब्द बोलले नाहीत. फक्त चहाचे पैसे त्यांनी स्वतःचे स्वतः दिले, गार्डसाहेबांचे नाही.

*

माझा भाचा, म्हणजे दाजींचा मुलगा, शिकायला अमेरिकेत नेब्रास्का राज्यात लिंकन गावी गेला. दाजींना वाटलं पोरगं या रोगातून सुटलं. सहा महिन्यांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला तर अंगात लाल बनियन, डोक्यावर लाल टोपी, मागं लालेलाल गर्दी. त्याच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ म्हणे एकेकाळी देशात पहिला होता, १९९७ नंतर नाही. २०१७ पासून सात हंगाम ओळीनं जिंकले कमी आणि हरले जास्त. पण १९६२ पासून तिथल्या प्रत्येक घरच्या सामन्याची तिकिटं संपतात.

"मग आज कुणाशी मॅच हाय?" दाजींनी विचारलं.

"आज मॅच नाही बाबा. वसंतातला सराव आहे. आमचेच दोन भाग करून खेळतात."

"मग एवढी माणसं कशाला?"

"साठ हजारांच्या वर आलीत. तिकीट काढून. यंदा टीम सुधारणार आहे ना."

दाजी बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. आपलेच दोघं आपल्यातच खेळणार, म्हणजे हरण्याची भीती नाही, आणि वर साठ हजार माणसं टाळ्या वाजवायला. हे आपल्याकडं का कुणाला सुचलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. फोन ठेवल्यावर त्यांनी ताईला सांगितलं, "पोरगं चांगल्या वळणावर आहे."

*

आणि मग उजाडला २०२५ चा उन्हाळा. असा उन्हाळा दाजींच्या हयातीत झाला नव्हता. जुलैमध्ये बातमी आली की पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळणार. पाठोपाठ जलज सक्सेनाही आला. वर्षानुवर्षं लोक आमच्याकडून जात होते, आता येत होते! दाजींनी पाव किलोऐवजी अर्धा किलो पेढे आणले.

पतसंस्थेनं दिवाळीला भेट दिलेली एक डायरी दाजींकडं आहे. पुढच्या पानांवर ताई रतिबाच्या दुधाचा हिशेब लिहिते. दाजी त्याच पानांच्या उरलेल्या जागेत फलंदाजीचा क्रम लावतात. शॉ १, कुलकर्णी २, वीर ३, गायकवाड ४, बावणे ५. एक खोडायचं, दुसरं वर घ्यायचं, बाण काढायचे. महिनाअखेरीला भाचीनं डायरी बघून बिलं केली. आळीतले एक गायकवाड दारात आले. त्यांच्या घरात माणसं दोन, आणि बिल रोजच्या चार लिटरचं.

"वहिनी, आम्ही अर्धा लिटर घेतो. चार लिटरमध्ये काय अंघोळ करायची का?"

ताईनं डायरी आणली. दाजी मध्ये पडून म्हणाले, "तसं नाही, गायकवाड चारलाच पाहिजे. वर नेला तर नव्या चेंडूवर जातो." ते गृहस्थ दाजींकडं बघत दोन पायऱ्या मागं सरकले.

पण ताईचा खरा राग वेगळ्याच माणसावर होता. "ते जाऊ द्या. हा शॉ कोण? दोन महिनं एकेक लिटर चाललंय, पैशाचा पत्ता नाही."

"देईल. ऑक्टोबरला देईल."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गहुंज्यालाच मुंबईशी सराव सामना झाला आणि त्यात शॉनं १८१ ठोकल्या. सराव सामना! नोंद नाही, गुण नाहीत, करंडक नाही. दाजींच्या दृष्टीनं ही रणजीची फायनलच होती, फक्त वेळेआधी झाली. त्यांनी मला फोन करून विचारलं की करंडकाची मिरवणूक दौंडमधून जाईल का. मी म्हणालो, वाटेत नाही. ते म्हणाले, सोलापूरच्या पोरांना सोडायला जाणारच ना गाडी? मग जाईल.

१५ ऑक्टोबरला तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध पहिला सामना सुरू झाला. मी त्या दिवशी कामासाठी दौंडला होतो. साडेनऊला दाजी नवा सदरा घालून मोबाइलसमोर बसले. मी हातपाय धुऊन येईपर्यंत शॉ शून्यावर, कुलकर्णी शून्यावर, वीर शून्यावर गेले होते. ताईनं चहा ठेवला, तेवढ्यात कर्णधार बावणेही शून्यावर. चहा उकळून कपात येईपर्यंत ५ बाद १८. ताईनं कप ठेवताना डायरीत डोकावून विचारलं, "आज सगळ्यांनीच खाडा केला का?"

दाजींनी रक्तदाबाची गोळी मागितली.

खरं सांगायचं तर पुढं तो सामना वाईट गेला नाही. ऋतुराजनं ९१ काढल्या, जलजनं ४९, आम्ही २३९ पर्यंत पोचलो आणि केरळला २१९ मध्ये गुंडाळून पहिल्या डावाची आघाडीही घेतली. पण दाजींना ही उभारी मानवत नाही. हरायचं तर सरळ हरा, म्हणजे माणूस मार्चपासून कामाला लागतो. मधल्यामधे लटकवून ठेवलं की ना धड दुःख करता येत ना धड पुढची टीम काढता येत. पुढच्याच सामन्यात चंडीगडला शॉनं २२२ ठोकल्या आणि आम्ही चक्क जिंकलो. मी अभिनंदनाचा फोन केला. पलीकडून आधी ताईचा आवाज आला, "उधारी फिटली म्हणा!" मग दाजी आले. खोल आवाज.

"पाव्हणं, जिंकले हो."

"मग चांगलंच की!"

"चांगलंच. पण इतक्या लवकर जिंकायला लागले तर पुढच्या साली सुधारायचं काय?"

*

नोव्हेंबरात भाचीचं लग्न ठरलं. स्थळ नागपूरचं. मुलगा पुण्यात नोकरीला, मंडळी सज्जन, देण्याघेण्याचं नाव नाही. तारीख काढायला नागपूरहून चौघं आले. गाडी अर्थातच कॉर्ड लाइनची, गावाबाहेरच्या स्टेशनवर थांबणारी. आणायला गार्डसाहेब रिक्षा घेऊन गेले, आणि येताना वाटेत त्यांनी पाहुण्यांना आपला सिद्धांत ऐकवला असणार, कारण व्याही उतरले तेच गालात हसत.

गुरुजींनी पंचांग उघडलं. सगळ्यात सरस मुहूर्त निघाला तो फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला. कार्यालय मोकळं, गुरुजी मोकळे, ताईच्या चेहऱ्यावर समाधान. गुरुजींनी पेनचं टोपण काढलं.

दाजी म्हणाले, "शेवटचा आठवडा नको."

"का हो?" ताई.

"रणजीची फायनल असते."

खोलीत शांतता पसरली. ताईनं डोळे मिटले. मी पोह्यांची बशी तोंडासमोर धरली. लग्न मोडण्याची कारणं मी आयुष्यात पुष्कळ ऐकली आहेत, पण हे नवीन होतं. दाजी मात्र तक्क्याला टेकून ठाम. संघ आता कुठं हंगामाच्या दोन पायऱ्या चढला होता, जानेवारीतले सामने व्हायचे होते, बाद फेरी कुठल्या कुठं होती.

व्याह्यांनी सावकाश पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "अगदी बरोबर बोललात. तो आठवडा आम्हालाही जमणार नाही. फायनल असते न आमची."

दाजींचा चेहरा उजळला. असा समजूतदार व्याही मिळायला नशीब लागतं. ते गुरुजींकडं वळून म्हणाले, "लिहा. दोन्हीकडची संमती आहे. एक आठवडा अलीकडं घ्या." तारीख पाच मिनिटांत पक्की झाली. गुरुजी मला जाताना म्हणाले, इतक्या चटकन एकमत झालेली बैठक बघितली नव्हती.

व्याह्यांनी 'आमची' म्हणताना कुणाची फायनल म्हटलं, हे दाजींच्या अजून ध्यानात आलेलं नाही. ताई म्हणते, लग्न होईपर्यंत कुणी सांगू नका.